धन्यांचा चेलो आणि शेगडीतला खोकला

सगळ्यांत आधी न्हावी आला, वन्सं! प्रिन्स नाही, प्रिन्सचा स्वयंपाकी नाही, न्हावी. शनिवारी सकाळी मी बदकांना डबक्यावरून हाकून आणत होते, तर गढीच्या फाटकाशी गाडी उभी. गाडीत सात लाकडी खोकी (केसांच्या टोपांची. एका डोक्याला सात टोप! आपल्या घरच्यांनी एका टोपीवर चाळीस वर्षं काढली आणि तीच घालून ते देवाघरी गेले), आणि त्या खोक्यांवर बसलेला हा काडीसारखा माणूस, काखेत कातडी पिशवी. मी म्हटलं, पिशवीत वस्तरे असतील. तर तीत सनईसारखं वाद्य! ओबो म्हणतात त्याला. सकाळी प्रिन्सची दाढी करतो आणि दुपारी त्याच्यापुढे ओबो वाजवतो म्हणे.

अगं बाई, नमस्कार राहिलाच. तीर्थस्वरूप वेरोनिका वन्सं, तुमची भावजय रोझिना गुडघे टेकून नमस्कार करते (मनातल्या मनात, खरोखर टेकले तर उठवायला दोन माणसं लागतात). इकडे मी, नात अपोलेना आणि सतरा बदकं देवाच्या दयेने खुशाल आहोत. अठरावं पाहुण्यांनी खाल्लं. अक्षराला हसू नका. पाद्रीबाबांनी शिकवलं तेवढंच येतं, आणि त्यांचंही अक्षर काही मोत्याचं नव्हतं.

तर न्हावी. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण आमचा स्वयंपाकी मातेई व्हायोलिन वाजवतो, दोन्ही शिकारी शिंगं फुंकतात, आणि दरवाजा उघडणारा तो लांब नाकाचा फ्लोरियान फक्त ढोल बरा वाजवतो म्हणून नोकरीला राहिलाय. दरवाजा त्याला अजून धड उघडता येत नाही. काउंटसाहेब नोकर ठेवताना आधी विचारतात, काय वाजवतोस? मग विचारतात, काम काय करतोस? एकदा मी विचारलं होतं, धनी, मला काय वाजवता येतं म्हणून ठेवलंत? तर म्हणाले, "रोझिना, तू बडबडतेस तेवढं पुरे आहे." (मी पाळण्यात जोजवलेला मुलगा, वन्सं! पन्नाशीचा झाला तरी बोलणं तसंच लाडाचं.)

तो न्हावी स्वयंपाकघरात बसला, मातेईने केलेले आलुबुखाऱ्याचे गोळे नऊ खाल्ले, आणि मग तोंड उघडलं. म्हणाला, "आमचे प्रिन्स कुणाकडे काही मागत नाहीत हो. फक्त आवडलं म्हणतात." आता ही मोठ्यांची रीत तुम्हांलाही ठाऊक आहेच. पाहुण्याने वस्तूची तोंडभरून तारीफ केली की यजमानाने ती त्याच्या गाडीत घालायची, नाहीतर नाव जातं. आम्हांला वाटलं, घोडा आवडत असेल, घड्याळ आवडत असेल. न्हावी म्हणाला, "छे! त्यांना संगीतकार आवडतात. तीन वर्षांत दोन उचलले. एक जेवताना, एक शिकारीत."

ते ऐकून अपोलेनाच्या हातातली ताटली खाली. दोन तुकडे झाले तिचे, एकदम मधोमध.

आता तुम्हांला सांगायलाच हवं, आणि आधी सांगितलं नाही म्हणून रागावू नका. आमच्या संगीतमास्तराचं, टोबियासचं, आणि अपोलेनाचं ठरलंय. मुलगा गुणी आहे. धन्यांसाठी दर महिन्याला नवं काहीतरी लिहितो, निळा गणवेश घालतो, टोपाला पावडर लावतो आणि खानसाम्याच्या खाली पण वनरक्षकाच्या वर, अशा जागी जेवायला बसतो. पण आमच्याकडे लग्नाला धन्यांची सही लागते. टोबियासने तीनदा अर्ज केला. पहिल्यांदा धनी म्हणाले, सुगीनंतर. दुसऱ्यांदा म्हणाले, उपासाचे दिवस संपू देत. तिसऱ्यांदा म्हणाले, माझ्यासाठी आधी आणखी सहा तुकडे लिही, मग बघू. (सहाच का, हे मी टोबियासला विचारलं. तो म्हणाला, "आजी, सगळेच सहा मागतात. अंडी जशी डझनाने.") सहावा तुकडा परवाच संपला होता, वन्सं. आणि आता हा प्रिन्स दारात, ज्याला मास्तर आवडतात! त्याचं गाव इथून अकरा दिवसांच्या वाटेवर, न्हाव्यानेच सांगितलं. गेला टोबियास, तर माझी पोर एकतर इथे झुरणार नाहीतर तिकडे जाणार, आणि दोन्हींत नुकसान माझंच.

दुसऱ्या दिवशी प्रिन्स आला, आणि मैफल दुपारी जेवणाआधी होती. आता नोकरांना दिवाणखान्यात जागा नाही, पण तिथे ती चिनीमातीची भिंतीएवढी हिरवी शेगडी आहे ना, तिचं तोंड दिवाणखान्यात नाहीच. मागे एक चिंचोळा बोळ आहे, तिथून लाकडं घालतात, म्हणजे राखेचा कण बड्या लोकांच्या मोज्यांवर पडायला नको. त्या बोळात मी आणि अपोलेना जाऊन बसलो. शेगडीच्या वर एक जाळी आहे, तिला डोळा लावला की अर्धा दिवाणखाना दिसतो आणि ऐकू तर सगळंच येतं. मला फार दिवसांचं कुतूहल, की हे लोक करतात तरी काय. टोबियासचे कागद मी पाहिलेत. मुंग्या साखरेकडे निघाव्यात तशी ओळ, आणि मध्येच मुंग्या गायब. मी विचारलं होतं, इथे काय वाजवता? म्हणाला, "इथे गप्प बसतात, आजी." मग गप्प बसून काय करता? "मोजतात." म्हणजे वन्सं, धनी ह्या लोकांना गप्प बसण्याचंही जेवण घालतात! मी मातेईलाही विचारलं, तू गप्प असतोस तेव्हा मोजतोस का खरंच? तो म्हणाला, "मी भट्टीतल्या रानडुकराचा विचार करतो. पण चुकत नाही कधी." हे कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही, पण पाद्रीबाबाही प्रार्थना म्हणता म्हणता दक्षिणापेटीकडे बघतात आणि चुकत नाहीत.

मोजणं एकट्या धन्यांना जमत नाही. ते गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन वाजवतात, चेलो, आणि प्रेमाने वाजवतात हो, डोळे मिटून. पण गप्प बसायची वेळ आली की आकडा हरवतो. म्हणून टोबियासने एक युक्ती काढली आहे. तो तारांच्या पेटीपुढे बसतो, शेगडीला पाठ लावून, आणि धन्यांनी सुरू करायच्या एक क्षण आधी खोकतो. अगदी बारीक, मांजराच्या पिलाला ठसका लागावा तसा. तो ऐकला की धनी सुरू. चार वर्षं हे चाललंय. बाराही वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे, बोळातल्या लाकूडवाल्याला ठाऊक आहे. धन्यांना मात्र वाटतं, आपण मोजतो. कोण सांगणार?

(हे पत्र वाचून झालं की चुलीत घाला, वन्सं. शेजारणीला वाचून दाखवल्यावर.)

सुरुवात छान झाली. प्रिन्स खुर्चीत असा पसरला होता, जसं कुणी पीठ ओतलं असावं. मग धन्यांची गप्प बसायची जागा आली. टोबियासच्या खांद्यांवरून कळतं, तो मोजत होता. सगळीकडे कसं हळुवार, फक्त दोन व्हायोलिनं. आणि नेमकी त्या दिवशी लाकडं ओली. धूर बोळात उलटा आला, माझ्या घशात शिरला, मी डोक्याचा रुमाल तोंडात कोंबला, अपोलेनाने पाठीत गुद्दा घातला, आणि त्या गुद्द्याने जो खोकला निघाला, वन्सं, तसा मी जन्मात खोकले नव्हते! शेगडी आतून पोकळ. खोकला तिच्यात घुमला आणि चौपट होऊन दिवाणखान्यात पडला.

धन्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. नऊ मोजण्या आधी!

आता आमच्याकडचा अलिखित नियम असा, की धनी वाजवतील ते बरोबर. धनी एकटे चुकलेले कधीही दिसता कामा नयेत. म्हणून बाराच्या बारा जणांनी तिथल्या तिथे उडी मारली. कुणी पान उलटलं, कुणी दोन पानं उलटली, शिकाऱ्यांनी घाबरून दोन्ही शिंगं एकदम फुंकली, फ्लोरियानने ढोलावर काठी हाणली (तिथे ढोल नव्हताच, पण त्याला वाटलं काहीतरी केलं पाहिजे), आणि एका श्वासात सगळे धन्यांच्या मागोमाग. मेंढ्या ओढा ओलांडतात तसे. मला तर ते फार आवडलं. इतका वेळ सगळं शहाण्यासारखं चाललं होतं, आणि एकदम असं वाटलं की कुणीतरी खिडकी उघडली.

संपलं. टोबियासचं तोंड जाळीतून दिसत नव्हतं, पण त्याचे कान पांढरे झाले होते. आणि प्रिन्स खुर्चीतून उठला! म्हणाला, "काउंट, ती जागा! सगळे वाट बघायला लावतात. तुम्ही वाट बघितलीच नाहीत! हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

धनी म्हणाले, "ते माझं."

बरं, इथवर आनंदच. पण जेवताना मातेई वाढायला होता, त्याने येऊन सांगितलं ते ऐका. प्रिन्स तिसऱ्या ताटाला म्हणाला, मास्तर आवडला. झालं. धनी सुरीकाटा धरून तसेच. प्रिन्स म्हणाला, बदल्यात दोन करडे घोडे देतो, आणि हा न्हावीही ठेवून घ्या. (न्हावी मागे उभा होता, त्याला हे तेव्हाच कळलं. बिचाऱ्याने माझ्याकडे येऊन दोन पेले बिअर प्यायली आणि विचारलं, "आजी, इथली माणसं दाढी रोज करतात का?") धनी नाही म्हणू शकेनात आणि हो म्हणवेना. तेवढ्यात प्रिन्सच म्हणाला, "पण त्याची छाती बरी नाही वाटतं? केवढा खोलवरून खोकतो! माझा एक असाच होता, नाताळ बघितला नाही त्याने." आणि मग म्हणाला, पुन्हा येतो, बहिणीला घेऊन, तिला ती जागा ऐकवायचीच आहे. तोवर मास्तरची छाती सुधारली तर घेऊन जातो, नाही सुधारली तर राहू द्या.

म्हणजे माझा खोकला टोबियासच्या खात्यात! आम्ही स्वयंपाकघरात नाचलो. मी बसूनच.

पण हसू दोन घटका टिकलं नाही. संध्याकाळी धन्यांनी टोबियासला बोलावलं. खुशीत होते, म्हणाले, सहा तुकडे झाले ना, आण तुझा अर्ज. लेखणी शाईत बुडवली, आणि मग थांबले. "पण तुझी छाती? अरे, वसंतात पोरगी विधवा झाली तर? ते पाप मला नको." आणि लेखणी पुसून ठेवली. टोबियास बोलणार काय? खोकला माझा नाही म्हणावं, तर निरोगी ठरतो आणि प्रिन्स घेऊन जातो. शेगडीत आजी होती म्हणावं, तर धनी विचारणार, मग मी सुरू कशावर केलं? तो आला, आमच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "आजी, मी खोकलो तर नवरा होत नाही, आणि नाही खोकलो तर इथे राहत नाही." अपोलेना त्या ताटलीचे दोन तुकडे घेऊन चिकटवत बसली.

तेव्हा मीच उठले. धन्यांकडे सरळ गेले, हातात गरम आलुबुखाऱ्याचे गोळे घेऊन (रिकाम्या हाताने खरं बोलायला जाऊ नये). म्हटलं, धनी, मुलगा ठणठणीत आहे. खोकला माझा होता.

"तू कुठून खोकलीस?"

"शेगडीतून."

"माझ्या शेगडीत काय करत होतीस, म्हातारे?"

"ऐकत होते. तुम्ही इतकं सुंदर वाजवता आणि मी बदकं राखू?"

ह्यावर ते जरा विरघळले. (त्यांनी सुरू कशावर केलं, ते मी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. तेवढी समज मला पाद्रीबाबांच्या शाळेत नाही, बदकांच्या संगतीत आली.) मग म्हटलं, धनी, खरं सांगा, मास्तर द्यायचाय का तुम्हांला? तर वन्सं, त्यांचा चेहरा लहानपणी लाकडी घोडा काढून घेतल्यावर व्हायचा तसा झाला. म्हणाले, "नाही ग. पण प्रिन्सला नाही कसं म्हणायचं? आणि त्याच्याशिवाय माझं काय... माझी ती जागा कोण लिहून काढणार?" मी म्हटलं, नाही म्हणूच नका. प्रिन्स परत येईल तेव्हा मास्तराच्या पाठीमागून पुन्हा तसाच खोकला येईल. प्रिन्स आपणहून नको म्हणेल. तुमचं नावही राहील, मास्तरही राहील. धन्यांनी दोन गोळे खाल्ले, आणि म्हणाले, "प्रिन्स त्याला न घेता गेला, तर दुसऱ्या दिवशी सही करतो. काउंटचा शब्द."

असा शब्द मिळवून आले आहे, वन्सं, मी, जिला तुम्ही दादाच्या गळ्यातली घोरपड म्हणाला होतात! पण बढाई पुरे. टोबियासने ती चूक आता शाईने नीट लिहून काढली आहे, मुंग्यांसकट, आणि रोज तालीम चालते. तालमीत कळलं ते असं, की धन्यांना आता मांजराच्या पिलाचा ठसका पुरेना. त्यांना शेगडीतलाच खोकला लागतो. तो आल्याशिवाय चेलोचा गज उचलतच नाहीत, आणि कारण विचारायची सोय नाही. म्हणजे एका खोकल्यात दोन कामं: प्रिन्सला छाती खराब वाटली पाहिजे आणि धन्यांना जागा सापडली पाहिजे. अकरा ठेके मोजायचे, बारावा सुरू व्हायच्या आत खोकायचं. मी मोजायला बसले, पण मला संगीत ऐकलं की आकडे ऐकू येत नाहीत. मग मेरीमातेची प्रार्थना म्हणून पाहिली. अडीच प्रार्थनांत ती जागा येते, पण अर्ध्या प्रार्थनेत थांबायला पाप वाटतं, मी पूर्ण म्हणते, आणि तोवर धनी माझ्याकडे, म्हणजे शेगडीकडे, बघत बसलेले असतात.

आता थांबते. अपोलेना नमस्कार सांगते, टोबियासही. मेणबत्ती वाया जात नाहीये, दुपारच आहे, पण बदकं ओरडतायत.
तुमची लहान,
रोझिना

ता. क. गाडीवानाबरोबर सुकवलेल्या नासपतींची पिशवी पाठवते आहे. मोजून पाठवल्या नाहीत.

ता. क. धन्यांनी माझ्या घशाची काळजी म्हणून शेगडीचं धुराडं साफ करवलं आणि बोळात बीच झाडाची सुकी लाकडं भरली. आता धूर नाही. खोकला गेला. अपोलेनाने मला मिरी हुंगवली, तर मी शिंकले. धन्यांनी चेलो खाली ठेवला आणि "देव तुझं भलं करो" म्हणाले. मुद्दाम खोकून पाहिलं तर टोबियास म्हणतो, "आजी, तुम्ही खोकत नाही, कुणाला तरी हाक मारताय."

ता. क. वन्सं, तुमची तब्येत विचारायची राहिली. तुमचा खोकला कसा आहे? आहे ना अजून? औषधी अर्क घेऊ नका हो, वैद्यांना काय कळतं! तीस वर्षं मी त्याला बैलगाडीचं चाक म्हणत आले, पाद्रीबाबांनी दोनदा प्रवचन थांबवलं तेव्हा मीच पुढे बसून हसले. ते सगळे शब्द मी परत घेते. असा भरदार, पुरुषी खोकला आपल्या दोन्ही घराण्यांत कुणाला नाही. आणि मोजण्यात तर तुमचा हात कोण धरेल? माझ्या लग्नातल्या चादरी तुम्ही तीनदा मोजल्या होत्यात आणि तिन्ही वेळा एक कमी आहे म्हणालात (कमी होती. माझ्या आईने ठेवून घेतली होती. आज कबूल करते). बोळात तुमच्यासाठी उशी ठेवली आहे, जाळी पुसली आहे, बिअर गरम मिळेल, आणि लग्नात नवरीच्या उजव्या हाताला तुम्ही बसाल, मी नाही. तालमीला निदान तीन दिवस लागतील, तेवढे धरून निघा. पाहुणे संत मार्टिनच्या सणाला, मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी येतो म्हणालेत.